एसीआधी खिडकी बघा

महोदय,

रत्नागिरीत हल्ली नवा फ्लॅट घेतला की एसी बसवायचा, हे जणू ठरूनच गेले आहे. खरे तर विदर्भासारखा ४५ अंशांचा उन्हाळा आपल्याकडे नसतो. आपला त्रास दमट हवेचा, घामाचा आणि त्यावर उतारा म्हणजे अंगावरून वाहणारा वारा. दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा एका खिडकीतून आत येऊन समोरच्या खिडकीतून बाहेर पडला, की पंख्यावर निभते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर असेच राहतो, घरात वयस्कर आई असूनही.

अडचण खिडक्यांची आहे. दोन काचांची सरकती खिडकी अर्धीच उघडते. जुन्या पद्धतीची, बाहेर उघडणारी झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण मोकळी होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त उष्ण-दमट भागातील घरांसाठी उघडणाऱ्या भागाचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, असावे असे म्हटले आहे. नगरपरिषदेने नकाशे मंजूर करताना हे काटेकोरपणे पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांचे हाल मात्र खरे आहेत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो. तिथे सोसायटीने उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा लेप द्यावा. तो खर्च सर्वांनी वाटून घ्यायला हवा, वरच्या दोन घरांच्या माथी मारू नये.

– एक वाचक, रत्नागिरी