उघड्या विहिरींना कठडे बांधण्यासाठी मदतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, शेतकरी बंधू-भगिनी आणि नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईला असलेले आपले गावकरी, सप्रेम नमस्कार.

कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं आणि आपला जुन्नरचा जिरायती पट्टा उसाने भरला. माळरानं मोडली, ओढ्याकाठचा झाडोरा गेला. उभ्या उसात वर्षभर आडोसा, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या; बिबट्या तिथेच राहिला. नारायणगाव, आळेफाट्याकडे बाजार वाढले, हॉटेलं-मटणाच्या दुकानांचा कचरा वाढला, तशी मोकाट कुत्रीही वाढली. त्यांच्यामागे तोही घरांपर्यंत येतो. त्याच्या हल्ल्यांत या तालुक्याने लेकरं गमावली आहेत. ते दुःख विसरून आम्ही हे लिहीत नाही. पण धरून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न मिटत नाही, हेही २००१ नंतरच्या वर्षांत आपणच पाहिलं.

आपल्या हातात लगेच करण्यासारखं एक काम आहे. शिवारात जमिनीलगत तोंड असलेल्या, बिनकठड्याच्या विहिरी आहेत. रात्री कुत्र्यामागे धावताना बिबट्या आत पडतो. पोहून दमतो, मोटारीच्या पाइपला नखं रोवून सकाळपर्यंत तग धरतो. वनविभागाची माणसं पिंजरा, नाहीतर बाज सोडून त्याला वर काढतात, पण प्रत्येक वेळी ती वेळेत पोहोचतातच असं नाही. तरस, कोल्हे असेच जातात. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्या आपल्या माणसालाही त्याच विहिरीचा धोका आहे, दावं तोडलेल्या गाईलाही.

म्हणून ग्रामपंचायत आणि गावातलं तरुण मंडळ मिळून या विहिरींना कठडे बांधणार आहे. जिथे बांधकाम शक्य नाही तिथे लोखंडी जाळी बसवू. सिमेंट, विटा, वाळू, सळई, जाळी यांपैकी जे जमेल ते द्या. रोख मदत ग्रामपंचायत कार्यालयात जमा करून पावती घ्या. जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवू. गवंडी बांधवांनी एखाद्या दिवसाची मजुरी सोडली, तर ती देणगीच मानू. ट्रॅक्टर असणाऱ्यांनी माल वाहून द्यावा. विहीरमालकांची लेखी संमती मात्र आधी हवी, कारण बऱ्याच विहिरी सामाईक आहेत आणि एका भावाच्या नकारावर काम अडतं.

दिवाळीनंतर फड तुटू लागले की आडोसा जातो आणि जनावरं सैरभैर होतात. त्याआधी काम उरकायचं आहे. तोडणीत बछडे दिसले तर उचलू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. मादी जवळपासच असते. तोड थांबवून वनविभागाला १९२६ वर फोन करा.