शब्दाच्या अर्थासोबत त्याची हकीगत पण छापा

संपादक महोदय,
स. न.

पेपरात अवघड इंग्रजी शब्दांची छोटी चौकट येते ती मी आवर्जून वाचतो. परवा त्यात ‘ऑस्ट्रसाइझ’ होता आणि पुढे फक्त ‘वाळीत टाकणे, बहिष्कृत करणे’ एवढंच. अर्थ बरोबरच आहे, पण एवढ्यावर शब्द लक्षात राहत नाही हो, आणि वापरायचा कुठे तेही कळत नाही.

ग्रीक भाषेत ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणजे खापराचा तुकडा. जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समधे लोक वर्षातून एकदा ठरवायचे की यंदा कोणाला हद्दपार करायचं का, हो ठरलं तर काही आठवड्यांनी परत जमायचे आणि प्रत्येकजण नको असलेल्या माणसाचं नाव खापरावर कोरून टाकायचा, निदान ६००० खापरं जमली पाहिजेत, मग ज्याचं नाव सगळ्यात जास्त निघालं त्याने १० दिवसात शहर सोडायचं, ते १० वर्षांसाठी. आरोप नाही, खटला नाही, बाजू मांडायची सोय नाही. सलामिसच्या लढाईत पर्शियन आरमाराला हरवणारा थेमिस्टोक्लिस, त्यालापण असंच घालवलं! त्याच्या नावाची १९० च्या आसपास खापरं अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्सच्या टेकडीजवळच्या एका विहिरीत सापडली आणि अक्षर बघितलं तर ती मोजक्याच लोकांनी लिहिलेली, म्हणजे विरोधकांनी आधीच कोरून वाटायला ठेवली असणार असं अभ्यासक म्हणतात. (राजकारण तेव्हापासून तेच.)

मात्र तिथे हद्दपार झालेल्याची मालमत्ता आणि नागरिकत्व शाबूत राहायचं, मुदत संपली की तो परत येऊ शकायचा. आज वर्गात किंवा ऑफिसात एखाद्याशी सगळे एकदम बोलायचं बंद करतात, कारण कोणी सांगत नाही, मुदत तर नाहीच, त्याला हा शब्द लावतात. म्हणून माझ्या मते साहेबाने एकट्याने कोणाला काढून टाकलं तर तिथे ‘ऑस्ट्रसाइझ’ शोभत नाही, त्याला घोळका लागतो. हा बारकावा नुसत्या अर्थातून कसा कळणार? परीक्षेसाठी याद्या पाठ करणाऱ्या मुलांचं तर फार नुकसान होतं यात, शब्द येतो पण वाक्यात चुकतो.

तेव्हा कळकळीची विनंती, जागा कमी पडत असेल तर शब्द कमी द्या पण प्रत्येकासोबत तो कुठून आला ते दोन ओळीत छापा. सुरुवात ‘कॅन्डिडेट’पासून करता येईल, त्याच्यामागे रोमन उमेदवारांचे पांढरेशुभ्र झगे आहेत.

– एक नियमित वाचक