मालिकांमधला शॉक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीवरील रुग्णालयांत मॉनिटरवर सरळ रेघ उमटली, की नायक-डॉक्टर धावत येतो, शॉक देतो आणि पार्श्वसंगीत टिपेला पोहोचेपर्यंत रुग्ण डोळे उघडतो. अतिदक्षता विभागात नोकरी झालेल्या माझ्यासारख्या परिचारिकेला हे पाहवत नाही, कारण सरळ रेघेवर शॉकचा काहीच उपयोग नसतो. हृदय नुसते वेडेवाकडे थरथरत असते तेव्हा शॉक ती थरथर मोडतो. थरथरही उरली नसेल, तर छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाबत राहायचे आणि अ‍ॅड्रेनलिन द्यायचे, एवढेच हाती असते. (रुग्ण बोलत असताना सरळ रेघ दिसली, तर सिस्टर आधी छातीवरची वायर सुटली आहे का ते बघते.)

करमणुकीत एवढे चालायचेच, असे कुणी म्हणेल. परंतु 1996 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या पाहणीनुसार ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू 911’ या अमेरिकी कार्यक्रमांत छाती दाबून उपचार केलेले सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण बरे होऊन घरी जाताना दिसत; प्रत्यक्षात हे प्रमाण फारच कमी असते. असे चमत्कार पाहत आलेले नातेवाईक आयसीयूच्या दाराशी ‘शॉक का दिला नाही?’ असा जाब विचारतात, तेव्हा छाती दाबून दाबून हात भरून आलेल्या निवासी डॉक्टरने कितीही समजावले तरी ते त्यांना पटत नाही.

नवल म्हणजे, विनोदी मालिका इथे अधिक प्रामाणिक निघाली. ‘स्क्रब्ज’च्या 2006 मधील एका भागात एकाच दात्याचे अवयव बसवलेले तिन्ही रुग्ण रेबीजने दगावतात. असा प्रकार 2004 साली टेक्सासमध्ये खरोखरच घडला होता. आपल्याकडे मात्र ‘संजीवनी’च्या काळापासून रुग्णालय हे बहुतेक वेळा प्रेमकथेचे नेपथ्यच राहिले आणि परिचारिकेच्या वाट्याला आले ते हातात ट्रे घेऊन उभे राहणे.

छाती दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलावा लागतो, एकीकडे कुणी घड्याळ पाहून वेळ पुकारत असतो, दुसरीकडे इंजेक्शन भरले जात असते. यात नाट्य कमी आहे, असे कोण म्हणेल? मालिकांच्या निर्मात्यांनी चित्रीकरणाच्या वेळी एखाद्या अनुभवी सिस्टरला सल्लागार म्हणून बोलवावे, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा