तात्यांची पेटी

प्रिय सदा,

स. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. साखर ताब्यात आहे, गुडघा आहे तसाच. तुझ्या पाठीचं काय ते कळव. एवढं झाल्यावर लगेच मुद्द्यावर येतो, कारण ही गोष्ट घरात कुणाला सांगून समाधान होत नाही. ऐकून घेतात, मान डोलावतात आणि चहाचं विचारतात. इथे तूच हवास.

माईंनी तात्यांची पेटी उघडली.

निमित्त ओंकारच्या लग्नाचं. दुकानातून त्याच्यासाठी शिवलेलं धोतर आणलं होतं. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या टाके घालून पक्क्या केलेल्या, उपरणंसुद्धा खांद्यावर पिनेने टाचायचं. पायजम्यासारखं चढवलं की झालं. पोराने ते घालून आरशात पाहिलं, काढून ठेवलं आणि सरळ माईंकडे गेला. "आजोबांचं आहे ना? मला ते नेसवा." माईंनी किल्ली माझ्या हातात दिली. तू असतास तर तुझ्या हातात दिली असती, हे मला माहीत आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

नेसवायला लागलो आणि तोंडातून तात्यांचेच शब्द बाहेर पडायला लागले. "पोट आत घे. गाठ बेंबीखाली. निऱ्या सारख्या कर. आता कासोटा मागे घट्ट खोव." तो थांबला. कासोटा कुठला? मी टोक हातात दिलं तेव्हा समजला. मग म्हटलं, दक्षिणेची नाणी कनवटीला लाव, तर तो दोन्ही हातांनी खिसा शोधायला लागला. सदा, एम.टेक. झालेला, आईशी रोज मराठीत बोलणारा मुलगा आहे. शब्द त्याच्या कानावर एकदाही पडलेला नव्हता. पडणार कुठून? नाणी खोचायला कमरेला कापडाचा पीळच नसेल, तर कनवट हा शब्द राहणार कशावर?

तेव्हापासून डोक्यात हेच चाललं आहे. कुठले शब्द टिकले आणि कुठले गेले, ते एकेक तपासून पाहतो. "बाह्या सरसावणे" आहे, कारण शर्टाला बाही आहे. "अस्तन्या सारून पुढे येणे" गेलं. "टोपी घालणे" ठणठणीत आहे, त्याला मरण नाही. साडीला पदर आहे तोवर "पदरमोड" करावी लागेल. "शालजोडीतले" अजून वर्तमानपत्रात दिसतात, कारण सत्काराला शाल लागते. पण "पागोटं पायांवर ठेवलं" असं हल्ली कोण म्हणतं? आणि "परीटघडीचे कपडे"? परटाने धुऊन कडक घडी घातलेले ते, पण माझ्या सुनेला वाटलं, परीटघडी हे कुठल्या तरी घड्याळाचं नाव आहे.

शालजोडीतल्यांवरून आठवलं. तुझ्या निबंधावरचा तात्यांचा शेरा: "अक्षर इतकं सुंदर आहे की मजकूर नसता तरी चाललं असतं." तू तो आठवडाभर कौतुक समजून सगळ्यांना दाखवत होतास!

आता पेटीत काय होतं ते सांगतो. वर धोतराची पानं, एम्प्रेस मिलच्या कापडाची. तुमच्या नागपूरची १८७७ ची गिरणी म्हणून तात्या किती अभिमानाने तिथलं कापड मागवायचे ते तुला माहीत आहे. त्याखाली दोन उपरणी, एक जरीकाठी. जर काळवंडली आहे, कारण कुणीतरी डांबरगोळ्या थेट तिच्यावरच टाकल्या होत्या. मग तो काळा अल्पाकाचा कोट, बंद गळ्याचा. उन्हात धरला तर अजून चमकतो. गळपट्टीच्या आतल्या बाजूला घामाची पिवळी रेघ आहे. काजं हातशिलाईची, प्रत्येक टाका शेजारच्याला चिकटून, एकही उसवलेलं नाही. डावा खिसा उलटा केला तर शिवणीतून खडूची पूड पडली. मी झटकणार होतो, माईंनी हात धरला.

आणि सगळ्यात तळाशी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, त्यांच्या आजोबांचा अंगरखा. पांढरा, बंदांचा, बटण एकही नाही. आता नीट वाच, कारण आपलं जुनं भांडण इथे मिटतं. त्याची बाही मी हातात घालून पाहिली, तर बोटांच्या पुढे वीतभर उरली. ती मनगटाकडे अरुंद होत जाते, म्हणून वर सारावी लागते आणि हातभर चुण्या पडतात. आत काही ठेवलं तर त्या चुण्यांत अडकून राहील, कुणाला दिसणार नाही. हीच अस्तनी. अस्तनीतला निखारा तो हा. तू अस्तर, अस्तर म्हणून सबंध सहल नासवलीस, शब्दकोश पुढे ठेवला तरी मानलं नाहीस, परतीच्या गाडीत दुसऱ्या डब्यात जाऊन बसलास. अस्तनी म्हणजे बाही. आता कापडच साक्षीला आहे.

पेटीच्या शेजारी लाकडी डब्यात पगडी होती. ती तात्यांच्या वडिलांची. मदुराईत २२ सप्टेंबर १९२१ ला गांधीजी पंचावर आले, आणि त्यानंतर तात्यांच्या वडिलांनी ही पगडी डब्यात ठेवून टोपी घातली ती कायमची. पगडी उतरवणं म्हणजे बेअब्रू, पण त्यांनी आपल्या हाताने उतरवली. या बाबतीत मला जुन्याचा पुळका अजिबात नाही. डोक्यावर काय आहे यावरून माणसाची जात, गाव, धंदा सगळं लांबून कळायचं. पगडीवाला कोण, पागोटंवाला कोण, मुंडासंवाला कोण, आणि कुणी कुणापुढे वाकायचं. ती खूण पुसली गेली ते उत्तम झालं. २००९ मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने पगडी राहील, पण ती आता सत्काराच्या तबकात राहील, आणि तिची जागा तीच आहे. शिवाय पगडी कायमची बांधलेलीच असते, पागोटं रोज नव्याने बांधायचं. त्यामुळे तयार वस्तू म्हणून शिवलेल्या धोतराला नाक मुरडताना हेही लक्षात ठेवलं पाहिजे. माझा राग तयार असण्यावर नाही. ते धोतर अंगाला काहीच शिकवत नाही, यावर आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. ओंकारला नेसवताना त्याचे चार मित्र बघत उभे होते. मी बोलता बोलता म्हणालो, कासोटा नीट खोव, नाहीतर लोक म्हणतील नवरा मुलगा कासोट्याचा सैल! बायकांच्या बाबतीत घसरणारा, असा अर्थ सांगितला, खोली हसून कोसळली. मग त्या चौघांनीही पेटीतली पानं नेसवून मागितली. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत त्यातलाच एक जण फोटोवाल्याबद्दल दुसऱ्याला म्हणत होता, "जपून रे, कासोट्याचा सैल दिसतोय." दिवसभर पाठीमागे ती खोच सांभाळली होती ना, त्याला शब्द समजावून सांगावा लागला नाही. सदा, मला इतका आनंद झाला की मी ताटावरून उठून तुला फोन लावणार होतो.

आता काळजीचं ऐक. माई पुढच्या महिन्यात लताकडे जाताहेत, कायमच्या. पेटी नेणार नाहीत. मालिकांना कपडेपट पुरवणारा एक माणूस घरी येऊन गेला. पैसे बरे देतो. पण त्याने अंगरखा उलटून पाहिला आणि म्हणाला, बाह्या कापून घेऊ, नटाला त्रास होतो. मी त्याला दारापर्यंत पोचवलं. लता म्हणते, सगळं संग्रहालयाला द्या, काचेत राहील. माई म्हणतात, तुम्ही दोघं ठरवा. आपण दोघं, मी एकटा नाही.

माझं मत असं आहे. अंगरखा आणि पगडी संग्रहालयात जावी. अंगरख्याचं कापड विरलं आहे, अंगावर घातला तर एका दिवसात फाटेल. धोतरं आणि उपरणी ओंकारला आणि त्याच्या मित्रांना द्यावीत, नेसून नेसून फाटली तरी चालतील. डांबरगोळ्यांत राहण्यापेक्षा ते बरं. कोट तुझा. तात्या तुला देणार होते हे माईंनी स्वतः सांगितलं. तू "मी काय करू कोटाचं" म्हणणार, ते म्हणू नकोस. उन्हाळा सोडून घाल. बँकेत घाल.

राहिलं ते लाल पागोट्याचं लांब कापड. ते बांधायला तात्यांनी फक्त तुला शिकवलं. मला दोनदा दाखवून "तुझ्या हाताला पीळ नाही" म्हणून उठले, ते तू पाहिलंस. मुलं विचारताहेत. लिहून कळवण्यासारखं ते नाही, तुला यावंच लागेल.

निशाला नोकरी लागल्याचं सुधाकडून कळलं, फार बरं झालं, तिला माझे आशीर्वाद. घराच्या गिलाव्याचं काम संपलं का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर तारीख कळव, तुझं येणं त्यानंतर ठेवू.

माई महिनाअखेरीपर्यंत इथे आहेत. त्याच्या आत दोन दिवस काढ. सकाळच्या गाडीने आलास तर ओंकार स्टेशनवर घ्यायला येईल. आणि खांद्याचं माप आधी पाठव, कोट ढिला करायचा झाला तर शिवणीत दोन बोटं कापड आहे, पण काजांना हात लावणारा शिंपी आधी शोधावा लागेल.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
मधू