फोनवर बोलता आलं नाही म्हणून

विश्रामबाग, सांगली
१४ जुलै

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं 'हं, हं' करत होतो. शेजारी पोरगी अभ्यासाला बसली होती. शिवाय जे बोलायचं होतं ते फोनवर तोंडातून निघालं नसतं.

पोराच्या दप्तरात गांजाची पुडी सापडली म्हणून तू हादरलास, आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणालास, "आपण पण आयर्विन पुलाखाली दम मारलेच की, आपलं काय वाकडं झालं?" अरे लेका, आपण तेव्हा तेविशीचे होतो. वर्षातून दोनदा, चौघांत एक चिलीम, त्यातही तू खोकूनच अर्धमेला. तुझा पोरगा सोळाचा आहे आणि रोज ओढतोय.

अकरावीच्या वर्गात मी हे शिकवतो. आपला मेंदू स्वतःच गांजासारखं एक द्रव्य बनवतो. १९९२ साली ते सापडलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी संस्कृतातल्या 'आनंद'वरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं. हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास शिट्टी येते. हे द्रव्य लागेल तिथं, लागेल तेवढंच तयार होतं आणि लगेच विरतं. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, त्याच्याच जागेवर जाऊन बसतं आणि लवकर उठत नाही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल, तासगावात द्राक्षबाग तुझी आहे. वयात येताना मेंदूची छाटणी चालू असते. नको त्या जोडण्या काढायच्या, कामाच्या पक्क्या करायच्या. कपाळामागचा, 'थांब, विचार कर' म्हणणारा भाग सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या आसपास भरतो. गांजानं ही छाटणी बिघडते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. काडीवर किती डोळे ठेवायचे हे चुकलं तर काय होतं, ते तुला मी सांगायला नको.

बुद्धी कमी होते का? न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. विशीच्या आत गांजा लागलेल्या आणि पुढंही न सुटलेल्यांचा बुद्ध्यांक अडतिशीपर्यंत आठेक गुणांनी उतरला होता. पण जुळ्या भावंडांच्या अभ्यासात ओढणारा आणि न ओढणारा यांत फारसा फरक निघाला नाही. म्हणून त्या आकड्यावर मी पैज लावणार नाही.

माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीनं. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे ४५,००० तरुणांची माहिती पंधरा वर्षं तपासली. भरतीआधी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा मोठा मानसिक आजार, न ओढणाऱ्यांच्या सहापट निघाला. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण ज्यांच्या घरात तो आधीच आहे त्यांना धोका जास्त.

दत्ता, तुझे धाकटे काका. माडीवरच्या खोलीत भिंतीशी बोलायचे, आणि आपण जिन्यात बसून हसायचो. तुझ्या घरात त्यांचं नाव कुणी काढत नाही, मीही कधी काढलं नाही. आता काढतो. मिरजेला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ तेव्हा काकांचं सगळं सांग, काही लपवू नकोस. तोवर पोराला मारू नकोस. घरात एकटाच बडबडतोय का, उगाच संशय घेतोय का, रात्र रात्र जागतोय का, एवढं बघ.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. मी कशाला येतोय हे त्याला सांगू नकोस, बाग बघायला येतोय म्हण.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजू