डीपीवरचं व्होल्टेज आणि लॅपटॉपमधलं व्होल्टेज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग करतो, एडिटिंगही घरीच. त्यासाठी २०२० च्या दिवाळीत गेमिंग लॅपटॉप घेतला, इंटेलचा दहाव्या पिढीचा सहा कोअरवाला आय-७. गेम मी एकही खेळत नाही (पोरगा खेळतो, मी वरातीत असताना). पण तीन कॅमेऱ्यांचं फुटेज ओढायला ताकद लागते आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून डेस्कटॉप आमच्या कामाचा नाही.

दुसऱ्याच उन्हाळ्यात एक्सपोर्ट (एडिट झालेल्या फुटेजची शेवटची व्हिडिओ फाइल बनवणं) लावला की प्रोसेसर ९८ अंशांवर जायचा. शंभरी गाठू नये म्हणून तो आपणच वेग कमी करतो, त्यामुळे तासाच्या कामाला दोन तास. कधी मशीन सरळ बंदच. शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेलं तर झाकण न उघडताच निकाल आला: "खेड्यातलं व्होल्टेज खराब असतं, मदरबोर्ड गेला असेल." खर्च अठ्ठावीस हजार.

आमच्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की घरात १७०-१८० व्होल्ट येतात, हे खरं आहे. कूलर कण्हायला लागतो. पण लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं स्पष्ट छापलेलं असतं; १७० त्याला चालतात. लाइन परत येतानाचा झटका ही वेगळी गोष्ट, त्याची व्यवस्था मी केलेली आहे. मशीन उचलून घरी आणलं आणि खालचे स्क्रू काढले. पंख्यापुढच्या बारीक जाळीवर रुईचा थर बसला होता. जवळच जिनिंग आहे, हंगामात रुई हवेतच असते. चिमट्यानं ओढली तर बोटभर लांबीची पट्टी अखंड निघाली, अगदी वातीसारखी. प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. साफसफाई करून नवी पेस्ट लावली, तरी ९३ च्या खाली येईना. येणार कसा? खोलीतच ४१ होते. माहितीपुस्तिकेत वापरण्याजोगी हवा ५ ते ३५ अंश लिहिली आहे. मे महिन्यात आमच्या खोलीत ३५ फक्त पहाटे असतात.

मग प्रोसेसरचं व्होल्टेज कमी केलं. कंपनी प्रत्येक चिपला थोडं जास्तच व्होल्टेज देऊन ठेवते, म्हणजे कमअस्सल चिपही अडत नाही. उष्णता मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १.१ व्होल्टमधले ०.०८ काढले तर त्याच वेगाला सुमारे १४ टक्के उष्णता कमी. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात केली, दहादहानं खाली गेलो. उणे १०० ला मंगलाष्टकांच्या मध्येच निळा स्क्रीन येऊन मशीन बंद पडलं. उणे ८० ला थांबलो. पारा ८६ वर आला आणि वेगही टिकला.

शेजारच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "काबे, व्होल्टेज वाढवाले लोकं स्टॅबिलायझर घेऊन रायले, अन् तू कमी कराले बसला?"

दोन उन्हाळे असे बरे गेले. मग बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) एक अपडेट आपसूक बसला आणि ती सोय कुलूपबंद झाली. कारण शोधलं. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाची त्रुटी उघड केली होती: व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात. त्रुटी खरी आहे. पण त्यासाठी चोराला आधी मशीनचा पूर्ण ताबा मिळवावा लागतो, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये हळदीच्या व्हिडिओंपलीकडे लपवण्यासारखं काय आहे?

कुलूप लावायला माझी हरकत नाही, किल्ली न देण्याला आहे. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सोय चालू-बंद करण्याचा पर्याय असतो. तो सगळ्यांनीच द्यावा. अपडेटनं काय बंद होणार ते आधी सांगावं. आणि ती ५ ते ३५ ची ओळ पुस्तिकेच्या मागच्या पानावर न ठेवता खोक्यावर ठळक छापावी, म्हणजे चंद्रपूर-वर्ध्याचं गिऱ्हाईक पैसे मोजण्याआधी वाचेल.

सध्या विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के केलं आहे. त्यानं टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद पडतो, पारा ८० च्या आत राहतो, काम मात्र रेंगाळतं. मागच्या बाजूला कवेलूचे दोन तुकडे ठेवून मशीन उचललं आहे. कूलरच्या थेट झोतात ठेवत नाही, तुषार आत जातात. एक्सपोर्ट रात्री दोनला लावतो. परवाच्या लग्नाचे वरबाप रोज फोन करतात, त्यांना हे सगळं कसं सांगू?

आपला,
एक फोटो स्टुडिओवाला,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा