महाभियोग म्हणजे दोषसिद्धी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या अध्यक्षांविषयी ‘महाभियोग मंजूर’ असा मथळा छापून आला की अध्यक्षांचे पद गेले, असा समज आपल्याकडे सर्रास होतो. डिसेंबर २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्याबाबत अशी बातमी आली, तेव्हा ‘मग आता तिथे अध्यक्ष कोण?’ असे मला चांगल्या वाचत्या माणसांनीही विचारले होते. या गैरसमजाचा दोष मी वाचकांना देणार नाही, कारण त्याचे मूळ बरेचसे आपल्या राज्यघटनेतच आहे.

आपल्या अनुच्छेद ६१ नुसार संसदेचे एक सभागृह राष्ट्रपतींवर दोषारोप ठेवते आणि दुसरे त्याची चौकशी करते. दोन्हीकडे एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमताने ठराव झाला, तरच राष्ट्रपती पदावरून दूर होतात. या सगळ्या प्रक्रियेला मिळून आपण महाभियोग म्हणतो. अमेरिकेत मात्र हा शब्द केवळ पहिल्या पायरीला लागू होतो. तेथे प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप निश्चित करते, तोच महाभियोग. त्यानंतर सिनेटमध्ये खटला चालतो, अध्यक्षांवरील खटल्यात सरन्यायाधीश पीठासीन असतात आणि उपस्थित सदस्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांनी दोषी ठरवल्याशिवाय पद जात नाही. ‘अभियोग’ या शब्दाचा मूळ अर्थही आरोप असाच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर १८६८ मध्ये महाभियोग झाला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मते पडली आणि अवघ्या एका मताने ते बचावले. बिल क्लिंटन यांच्यावर डिसेंबर १९९८ मध्ये महाभियोग झाला, पण फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटने त्यांना दोषमुक्त केले. ट्रम्प यांच्यावर तर दोनदा महाभियोग झाला. दुसऱ्या वेळी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ५७ सिनेटरांनी त्यांना दोषी मानले. हे स्पष्ट बहुमत होते, तरीही आवश्यक ६७ मतांपेक्षा ते कमीच पडले. रिचर्ड निक्सन यांचे नाव या यादीत हमखास घुसडले जाते. वास्तविक प्रतिनिधिगृहात मतदान होण्यापूर्वीच, ऑगस्ट १९७४ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला होता. म्हणजे ज्यांना पद सोडावे लागले त्यांच्यावर महाभियोग झालाच नाही आणि ज्यांच्यावर तो झाला त्यांपैकी एकालाही सिनेटने आजवर दोषी ठरवलेले नाही.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे, की अशा बातमीत ‘महाभियोग मंजूर’ एवढेच न छापता ‘प्रतिनिधिगृहाकडून आरोप निश्चित, खटला सिनेटपुढे’ असे लिहावे आणि ‘दोषी’ हा शब्द सिनेटच्या निकालासाठीच राखून ठेवावा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा